शून्याच्या डावीकडचे तीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. भंवरकुआं भागातल्या माझ्या गणिताच्या क्लासमध्ये दरवर्षी फळ्यावर संख्यारेषा काढते, शून्याच्या डावीकडे पोचते — आणि हात थबकतो.

वंदना आणि मी आठवीत एकाच बाकावर. दोघींचे बाबा एकाच मिलमध्ये. मिल बंद पडली, दोघेही घरी. शाळेनं ठरवलं, मिल कामगारांच्या मुलींपैकी जी पहिली येईल तिला दहावीपर्यंत फी माफ. एकीलाच. शेवटचा भूमितीचा पेपर राहिला, तोवर आम्ही दोघी बरोबरीत होतो.

मी मॉनिटर. पेपर गोळा करून स्टाफरूममध्ये ठेवायचे, हे विश्वासाचं काम माझं. जिन्यात मी वंदनाचा पेपर वर काढला. नुसता बघायला? तसं मी स्वतःला सांगितलं खरं. बाकी सगळं दोघींचं सारखं होतं. एकच प्रश्न वेगळा: रेषाखंड अब आणि कड, मोठा कोणता? अ उणे तीनवर, ब पाचवर. आकृती नीट काढूनही मी पाचातून तीन घालवून अबची लांबी दोन लिहिली होती. तिनं आठ लिहिली होती. शून्याच्या अलीकडचे तीन, पलीकडचे पाच — आठच! हे मला त्या पायरीवर कळलं.

गणिताच्या बाईंचा नियम ठरलेला. आकृतीत चिन्ह चुकलं की प्रश्नाला शून्य, खालचं वाचायचंच नाही. आकृती चांगली असली तर उत्तर चुकलं तरी तिचे दोन गुण मिळायचे. आणि आकृती असायची पेन्सिलीची.

वर कुणाच्या तरी चपला वाजल्या. मी रबर काढलं, दोनदा घासलं, फुंकर मारली. तिच्या तीनाआधीची उणेची बारीक रेघ — गेली.

मग पेपर परत मिळाले. तिच्या आकृतीखाली शाईनं सगळं बरोबर होतं. ती बाईंशी भांडली असती तर? पण ती त्या तीनाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मी चिन्ह टाकलं होतं ना गं? मुझे पक्का याद है."

"जल्दी में राहून गेलं असेल," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं! रबरापेक्षा हे वाईट, नाही का?

जूनमध्ये बाकावर मी एकटीच होते. वंदना छत्रीबागेत एका शिलाईवाल्या बाईंकडे काज-बटणं करायला लागली होती.

बऱ्याच वर्षांनी ती आपल्या मुलीला घेऊन माझ्या क्लासला आली. मुलगी आठवीतली, चुणचुणीत. वंदना हसत म्हणाली, "हिला चिन्हं नीट शिकव हं. मेरे जैसी भुलक्कड नको व्हायला. एका उणेपायी शाळा सुटली माझी."

तेव्हाही मी तिला सांगितलं नाही. "शिकवीन," एवढंच म्हटलं.