बिल्डच्या मधात पाणी

किस्से गोळा करायला मी इथे आले नव्हते, डॉक्युमेंटेशन लिहायला आले होते. पण वहीची पुढची पानं कामाने भरायला लागली, की मागची आपोआप किश्श्यांनी भरतात. आता माझ्या वहीत दोन्ही बाजूंची पानं मधोमध येऊन एकमेकांना भिडली आहेत!

आमचं ऑफिस नागपूरच्या धंतोलीत, एका औषधाच्या दुकानावर. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ढीगभर फाइल्समधला कोड जोडून चालणारा प्रोग्राम तयार करायचा, त्याला बिल्ड म्हणतात. जे तयार करायचं ते टार्गेट, ज्यातून करायचं त्या सोर्स फाइल्स. कशातून काय करायचं याची यादी एका फाइलीत असते, आणि ती यादी समजणारा माणूस आमच्याकडे एकच होता. मनोहरभाऊ.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "भाऊ, बिल्डचं डॉक्युमेंटेशन कुठे आहे?"

भाऊंनी कपाळाच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं.

"आणि बॅकअप?"

त्यांनी उजव्या बाजूला टेकवलं!

मी हसले. दुपारी रिसेप्शनवरच्या वंदनाताईंनी मला बाजूला घेतलं. "हसू नको वं. त्यांच्या हार्टचं ऑपरेशन आहे. दोनदा तारीख पुढे ढकलली त्यांनी. मी गेलो तं बिल्ड कोण करते, म्हणतात."

तिसरी तारीख तीन आठवड्यांवर होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे तर्री-पोहे, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे, खात असताना मी भाषण दिलं. परदेशात शिकून, नागपुरातच काम करायचं ठरवून परत आले होते, अंगात जोश होता. "ज्ञान एकाच डोक्यात कोंडलं, तर त्या माणसाला सुट्टीसुद्धा मिळत नाही! ते सगळ्यांचं झालं पाहिजे! वंदनाताईंनी माझं डॉक्युमेंट वाचून एकट्यांनी बिल्ड केला, तरच ते पूर्ण झालं असं मी मानेन!"

कंपनीचे मालक, आमचे सर, म्हणाले, "मान्य आहे. आता बस. तर्री थंडी होऊन राहिली."

*

वंदनाताईंनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती. त्या समोर प्लेट घेऊन बसल्या. "टार्गेट म्हणजे काय वं?"

मी प्लेटकडेच बोट दाखवलं. "तर्री-पोहे हे टार्गेट. पण त्याच्या आधी दोन छोटी टार्गेटं. तर्री वेगळी, पोहे वेगळे. तर्रीच्या सोर्स फाइल्स म्हणजे चणे, तेल, मसाला."

"अन् पोहे संपले, तर्री उरली, तं?"

"तुम्ही काय कराल?"

"फक्त पोहे करीन. तर्री पुन्हा काहून करू?"

जे बदललं तेवढंच पुन्हा तयार करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. हे शिकायला मी विमानाने गेले होते!

*

भाऊंच्या यादीत प्रत्येक सोर्स फाइलचं नाव हाताने लिहिलेलं. मला ते फार जुनाट वाटलं. मी सगळी नावं काढली आणि एकच ओळ लिहिली, फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं घे. काय सुटसुटीत दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी कामठीच्या एका लॅबमधून डॉक्टरांचा फोन. "मॅडम, शुगरच्या खाली 'दोन चहा सांगा' असं काहून छापून येऊन राहिलं?"

कोणीतरी प्रॅक्टिससाठी लिहिलेली फाइल त्या फोल्डरमध्ये पडून होती. तीही बिल्डमध्ये गेली.

भाऊ रागावले नाहीत. पुन्हा एकेक नाव लिहायला बसले. "लग्नाची पत्रिका नावानं देतात, पोरी. 'रस्त्यावरच्या सगळ्यांनी यावं' असं छापलं, तं मांडवात कोण येईल सांगता येत नाही."

*

ऑपरेशन चार दिवसांवर आलं, आणि डॉक्युमेंट पूर्ण असूनही वंदनाताईंचा बिल्ड फसत होता. दर वेळी दुसऱ्या कमांडवरच. त्याच मशीनवर, त्याच पायऱ्यांनी भाऊंनी केला की चालायचा!

"जमत नाही ना?" भाऊ म्हणाले. "सांगतो सरांना. तारीख पुढे घेतो."

मग मी स्क्रीन सोडून भाऊंकडे पाहायला लागले. त्यांनी पहिली कमांड दिली. उठले. मागच्या माठापर्यंत गेले, पाणी प्यायले, परत आले. दुसरी कमांड दिली. चाललं!

"भाऊ, मध्ये पाणी का पिता?"

"सवय आहे. बिल्डच्या मधात पाणी प्यायचं असते."

कारण यादीत सापडलं. पहिल्या कमांडमुळे तपासण्यांच्या नावांची एक फाइल तयार होत राहते, तिला मिनिटभर लागतं. दुसऱ्या टार्गेटला ती फाइल हवी असते, पण तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. भाऊ माठाकडे जाऊन येईपर्यंत ती तयार व्हायची. वंदनाताई जागच्या हलायच्या नाहीत!

मी एक ओळ वाढवली. हे टार्गेट त्या फाइलसाठी थांबेल.

भाऊंनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. "म्हणजे इतकी वर्षं सॉफ्टवेअर माठावर चाललं?"

"अन् माठ मी भरत होती!" वंदनाताई म्हणाल्या. "मले कोणी डेव्हलपर नाही म्हटलं!"

*

ऑपरेशन झालं, नीट झालं. भाऊ आमच्या समोरच्याच गल्लीतल्या हॉस्पिटलमध्ये होते. तिथेही आमचंच सॉफ्टवेअर. आठव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या लॅबने एक नवी तपासणी सुरू केली, रिपोर्टमध्ये ती दुपारपर्यंत हवी होती. मी कामठीला गेले होते. कोडमध्ये बदल तिथूनच केला, बिल्ड वंदनाताईंनी केला, डॉक्युमेंट मांडीवर ठेवून. मी परतले तेव्हा बिल्ड होऊन गेला होता आणि त्या नेहमीसारखे फोन घेत होत्या, आवाजही चढलेला नव्हता.

तीन वाजता ऑफिसचा फोन वाजला, वंदनाताईंनी तो स्पीकरवर घेतला. भाऊ. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट हातात होता. आकडे कसे आहेत ते काही बोलले नाहीत. तळाशी बारीक अक्षरात छापलेला व्हर्जन नंबर वाचून दाखवला.

"हा नवा आहे. कोणी केला?"

"मी केला," वंदनाताई म्हणाल्या.

भाऊंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मधात पाणी प्यायल्या होत्या?"

"नाही जी, भाऊ."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. आम्ही हॅलो हॅलो करत राहिलो. मग भाऊंच्या पत्नीने, वहिनींनी, उचलला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "झोपले."