नुसते बसलेले पक्षी

समोरच्या तारेवर वेडा राघू आला होता. एकदम झेपावून त्यानं हवेतच मधमाशी पकडली, गिरकी घेऊन परत आला आणि ती तारेवर आपटू लागला. मी मोबाईल उचलला. पक्षी दिसला की आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटावर लगेच नोंद टाकायची असते. गटात केरळपासून आसामपर्यंतची माणसं आहेत, म्हणून इंग्रजीत. मी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी 'तारेवर बसला होता' एवढंच इंग्रजीत लिहून पाठवलं.

"काय दिसलं गं?" आईनं आतून विचारलं.

मी सांगायला लागले, तशी ती निवडायची मेथी तशीच टाकून बाहेर आली. ती झेप, ती गिरकी, ते आपटणं, सगळं मी हातवारे करून सांगितलं.

मग मात्र जीव थाऱ्यावर राहिना. गटावरच्या माझ्या जुन्या नोंदी चाळल्या. धनेश फांदीवर बसला होता. खंड्या दगडावर बसला होता. घार खांबावर बसली होती. चुकीचं काहीच नव्हतं. चुकू नये म्हणूनच तर तसं लिहीत आले.

पण इतक्या वर्षांत माझा एकही पक्षी उडालेला नाही.