सेंट मारून डिचोलीला

मंडळी, हरमलात मी पर्यटकांना खोली देतो. आज सकाळी ती झाडताना कुणा पाहुण्याची विसरलेली सेंटची बाटली सापडली. थोडा मारून बघितला. आधी ताज्या लिंबाचा वास, मग अंबरचा उबदार.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकींनी विचारलं, "खंय चललंस रे, सेंट मारून?"

कुठेच जायचं नव्हतं. तोंडातून निघालं, "लग्नाक. डिचोलीक."

मग जावंच लागलं. इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटर काढली, डिचोलीच्या बाजारात एकटाच चहा-पाव खाऊन परतलो.

काकी दारातच होत्या. "जेवाण कसा होता?"

सोलकढीपासून खिरीपर्यंत सगळं सांगितलं, आणि घरात येऊन एकट्यापुरता भात लावला.

बाटली अजून अर्धी आहे. जवळपास कुणाचं लग्न असेल, तर मला बोलवाल का?