शिडीवरचा दादा

दवाखान्यात तिला सगळे ‘का-बाई’ म्हणायचे. माणसांना स्वतःच्या तब्येतीचं भलं कळतं, तरी ती ते करत का नाहीत, एवढ्याच प्रश्नाच्या अभ्यासात तिने उभी नोकरी काढली होती.

एकदा गरोदर बायका पहिल्या तपासणीनंतर फिरकेनाशा झाल्या. डॉक्टर म्हणाले, अडाणीपणा. आणखी पोस्टर लावा. ही व्हरांड्यातल्या बाकावर ठिय्या देऊन बसली आणि बायकांशी गप्पा मारत राहिली. तेव्हा कळलं, की वजनकाटा भर वाटेत ठेवलाय आणि नर्स प्रत्येकीचं वजन साऱ्या व्हरांड्याला ऐकवते. काटा पडद्याआड गेला, बायका परत येऊ लागल्या. पोस्टर कुणी वाचलंच नव्हतं.

एवढी हुशार बाई, पण घरात ठार नापास! तिचा थोरला भाऊ इमारती रंगवायचा. अर्धांगाच्या झटक्यातून थोडक्यात बचावला होता, तरी रक्तदाबाच्या गोळ्यांना टांग मारायचा. हिने धाक घातला, रडून पाहिलं. “आधी त्या शिडीवरून उतर!” हे तर रोजचंच. दादा मान डोलवायचा आणि गोळी गुपचूप खिशात टाकायचा. दुसरा झटका आला तर हा उठायचा नाही, या भीतीने तिच्या जिवाला घोर लागला होता.

एका दुपारी तिच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला, तशी वहिनी वैतागली.

“ताई, परक्यांशी किती गोड बोलता! यांना कधी विचारलंत, गोळी का घेत नाहीत ते?”

खरंच, का-बाईने हे कधीच विचारलं नव्हतं. ती दादाच्या शेजारी जाऊन बसली.

“दादा, गोळी घेतल्यावर काय होतं रे तुला?”

तो नखातला रंग खरवडत राहिला. “चक्कर येते. वर चढलो की भिंत हलते. तुला सांगितलं असतं तर तू माझी शिडीच बंद केली असतीस. मग मी दिवसभर करू काय?”

तिला स्वतःचीच लाज वाटली. डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि चक्कर पुरती जाईपर्यंत दादाने जमिनीवर उभं राहूनच भिंती रंगवल्या. हळूहळू रक्तदाब आटोक्यात आला.

परवा ती त्याच्या कामावर गेली. दादा शिडीवर, खिडकीची चौकट रंगवण्यात दंग. ‘उतर’ अगदी ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं.

“आजची घेतली गं!” वरून आवाज आला. तिने विचारलंही नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. पर्स मागे सारून तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.