पलीकडे मिटलेलं पान

आमच्या त्रिशूरच्या मनोरुग्ण निवासातली स्वयंपाकीण भार्गवीचेची, म्हणजे भार्गवीताई, भलती तापट. ओणमच्या सणाला स्टीलची ताटं चालत नाहीत, केळीचंच पान हवं. जेवण आवडलं की पान आपल्याकडे मिटायचं, नाही आवडलं की पलीकडे.

यंदा आमच्या जुन्या रुग्णाने, वेलप्पनने, पलीकडे मिटलं. तो कित्येक वर्षं कुणाशी बोललेला नाही. पाहुणे बघतील म्हणून मी, इथली नर्स, पान त्याच्याकडे वळवून मिटायला वाकले.

"खबरदार हात लावशील तर!"

"अगं चेची, त्याला काय कळतंय?"

तिने पायसम, म्हणजे आपली खीर, चाखलं. खाली लागलं होतं.

"तुम्ही शहाण्यांनी निमूट गिळलंत ना?"

दुसऱ्या दिवशी तिने पायसम नव्याने केलं. वेलप्पनने खाल्लं आणि पान पुन्हा पलीकडेच मिटलं.

चेची खूश. "बघ, बोलायला लागला!"