सिस्टर त्या, मी कोकिळा

वॉर्डातून "सिस्टर!" अशी हाक आली की कोकिळा आधी मागे वळून बघायची. मागे कोणी असो नसो, नुसती भिंत असली तरी बघायची. मग पेशंटकडे तोंड करून म्हणायची, "सिस्टर त्या. मी कोकिळा शे. बोला, काय पाहिजे? मी विचारीसन येस." विचारीसन येस, म्हणजे विचारून येते. दिवसभर तिच्या तोंडी हेच. पाणी द्यायचं का, विचारीसन येस. कूस बदलायची का, विचारीसन येस. शेवटी पेशंटच तिला 'विचारीसन बाई' म्हणायला लागले होते.

धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते तेव्हाची ही गोष्ट. मी मूळची फैजपूरची, तोंडाची फटकळ. मला तिच्या या वळून बघण्याचा वैताग यायचा. एकदा म्हटलं, "अगं बाई, पेशंटला अंगावरचा पांढरा कपडा दिसतो, तुझा दाखला दिसत नाही. 'आले' म्हणून टाक ना! काय बिघडतं?"

"नको सिस्टर," ती म्हणाली. "आज हो म्हनसू, उद्या सुई माराले सांगतीन. मंग?"

मंग काय! मी इंजेक्शनचा ट्रे उचलला आणि स्वतःच पेशंटकडे गेले.

नाव कोकिळा, पण आवाज एसटीच्या कंडक्टरचा. उंच, हाडापेरानं दणकट. पेशंटला उचलायचं झालं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची आणि त्याच्याशी काहीतरी बोलायला लागायची. तुमच्याकडे कांदे निघाले का, सून माहेरी गेली का, असलं काहीबाही. तो उत्तर देईस्तोवर स्ट्रेचरवर गेलेला असायचा. साक्रीच्या पलीकडच्या खेड्यातली ती. नवरा सुरतेला कापडाच्या लूमवर, दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी. ती मुलीला घेऊन धुळ्यातच देवपूरला एका खोलीत राहायची. सासरे आबा, सासू आणि लहान नणंद मनीषा गावाकडे.

दहावी झालेली ही बाई नर्सिंग असिस्टंटचा सहा महिन्यांचा कोर्स करून आमच्याकडे लागली होती. कोर्सवाल्यानं सांगितलं होतं, हे सर्टिफिकेट हातात आलं की पुढे नर्सिंग शाळेत सरळ प्रवेश. त्या एका वाक्यावर तिनं नवऱ्याला मनवलं, सासूला मनवलं. दवाखान्याची नोकरी ही तिच्या लेखी मधला थांबा होती. तिला नर्स व्हायचं होतं. का, तर एकदा डबा खाताना म्हणाली, "माले एक डाव तरी पेशंटले सांगानं शे, थांबा, कोनले विचारानी गरज नही, मीच देस." एवढंच. पगाराचं नाही, मानाचं नाही. मला आधी हसू आलं, मग माझ्या डब्यातली चटणी मी तिला वाढली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या खानदेशात कुणी काही झालं, की गावात त्याचा फ्लेक्स लागतो आणि सत्कार होतो. पोरगं पोलीस भरतीत निघालं, फ्लेक्स. कुणाचा भाचा तलाठी झाला, फ्लेक्स. कोकिळाचं सर्टिफिकेट आलं, तेव्हा आबांनी ते सगळ्या भाऊबंदांना दाखवलं. त्यावरचा 'नर्सिंग' हा शब्द सगळ्यांनी वाचला, पुढचा 'असिस्टंट' कोणी वाचला नाही. मारुतीच्या पारावर सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. मागे हा एवढा मोठा फ्लेक्स, 'नर्सपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेल्या डझनभर पोरांचे फोटो, आणि मधोमध ही, पांढऱ्या ॲप्रनमध्ये, घाबरलेली.

"मग तिथंच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"माईक हातमा दिधा सिस्टर. आबा समोर बसेल. त्यास्ना डोयामा पानी. काय सांगू?"

गावातले बाकीचे फ्लेक्स पाऊसकाळी चाऱ्यावर झाकायला जातात. आबांनी हा घडी करून कोठीवर ठेवला आणि सणावाराला ओसरीत लावू लागले. ती गावी गेली की लोक पोटदुखी, ताप, सूज घेऊन दारात यायचे. ती म्हणायची, मी विचारीसन सांगस. मग मला फोन. मी इथून ओरडायची, "त्याला साक्रीला डॉक्टरकडे पाठव!" आणि गावात मात्र बोलबाला, की सून इतकी मोठी नर्स असून किती नम्र आहे.

पुढे एका सुट्टीला मी तिला घेऊन जळगावच्या नर्सिंग शाळेत गेले. तिनं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं होतं, त्याच्यावर साडीचा पदर झाकून. खिडकीतल्या बाई तशा चांगल्या होत्या. त्यांनी ते नीट बघितलं, परत दिलं आणि म्हणाल्या, "ताई, काम येत असेल तुम्हाला, ते चांगलंच आहे. पण प्रवेशाला हे धरत नाहीत. बारावी आहे का?"

कोकिळानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग बारावी करा. आणि वय बघा हं. पस्तीसच्या पुढे घेत नाहीत."

येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी त्या कोर्सवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. एरंडोल गेलं तरी माझं तोंड चालूच. पारोळ्याला गाडी थांबली, माणसं उतरली-चढली, आणि तेव्हा म्हणाली, "बारावी करस मी." कुणाला विचारून येते म्हणाली नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी खाली उतरून दोघींना गरम भजी आणली.

तिनं बाहेरून बारावी केली, हो! ड्युटी करून, भाकरी थापून, लेकीला शाळेत धाडून. नाइटला माझ्याबरोबर असली की पाठांतर माझ्या डोक्याशी. लेक दिपाली तिला इंग्रजीचे स्पेलिंग विचारायची आणि चुकलं की शाळेतल्या मॅडमसारखी भुवई चढवायची. दोन विषय राहिले, पुन्हा बसली, सुटली. निकालाच्या दिवशी तिनं आम्हाला सगळ्यांना पेढे दिले आणि वर बजावलं, "गावकडे कोनले सांगू नका." नर्स झालेली बाई आता बारावी पास झाली, हे ती गावात कोणत्या तोंडानं सांगणार? इतका आनंद आणि तो पदराखाली झाकायचा! मला तर रडूच आलं त्या दिवशी.

त्या साली तिनं प्रवेशाचा अर्ज भरला. वय बसत होतं, पण त्या सालापुरतंच. दुसऱ्या यादीत नाव लागलं, तेही जळगावला. दिपालीला माझ्या बहिणीकडे ठेवायचं हेही ठरलं. राहिलं होतं एकच. आबांना सांगायचं. वसतिगृहात राहायला जाणार, म्हणजे गावाला कळणारच.

"त्यासले विचारीसन येस," ती म्हणाली. मी म्हटलं, "विचारू नकोस, सांग. आणि मी येते बरोबर. तुझा काही भरवसा नाही."

आम्ही गेलो त्याच दिवशी नेमकी मनीषाची सुपारी फुटायची होती. स्थळ धरणगावकडचं, चांगलं घर. अंगणात सतरंज्या, पुरुषमाणसांच्या टोप्या, आत पुरणाचा वास. आणि ओसरीत, कुठे बघू नये म्हटलं तरी दिसेल असा, तो फ्लेक्स. आबा मला घेऊन पाहुण्यांपुढे गेले. "ह्या धुयाना मोठ्या सिस्टर. आनि हाई आमनी सून, हाई बी सिस्टर शे." नवऱ्या मुलाचे वडील खूश होऊन म्हणाले, "तेच ऐकीसन तं आम्ही उनूत ना आबा! ज्या घरनी सून सिस्टर, त्या घरनी पोर डोया मिटीसन करानी." मग त्यांच्या बाईंनी कोकिळापुढे हात केला. जरा नाडी बघ म्हणे. तिनं मुकाट्यानं बघितलं.

मागच्या दारी, चुलीपाशी, तिनं आबांना गाठलं. मी दाराशी उभी होते. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघून. कोर्स काय होता, बारावी कशी केली, यादीत नाव लागलं, आठवड्याच्या आत हजर व्हायचंय.

आबा लाकडाच्या ओंडक्यावर बसले. "म्हंजे तू सिस्टर नही?"

"नही आबा."

"मी तं बठ्ठासले सांगी चुकनू ना, बेटा." बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना, सांगून बसले होते ते.

या माणसाला शिव्या द्याव्यात म्हणून मी आतून तयारीनं आले होते. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. तो बिचारा आपलाच फ्लेक्स आपल्या अंगावर पडावा तसा बसला होता. मग हळू म्हणाला, "पोरनं लगीन व्हऊ दे. आते हाई बोलनं निघनं तं ते म्हनतीन, यास्नी खोटं सांगं. पुढना साल जाय तू. मी सोता तुले सोडाले येसू जयगावले. मना शब्द शे."

मी म्हटलं, "आबा, पुढच्या साली..."

कोकिळानं माझं मनगट धरलं. पेशंटला धरायची तीच पकड, सुटायची सोयच नाही. "सिस्टर, पानं वाढेल शेत. चला जेवाले." आणि आबांकडे वळून म्हणाली, "चालस आबा. पुढना साल."

जेवताना मी तिच्या कानाशी लागले. "अगं, पुढच्या साली तुझं वय बसत नाही. तुला माहीत आहे ना?"

"माहित शे."

"मग सांग त्यांना!"

"सांगसू तं माले धाडाले ते आज लगीन मोडतीन," ती म्हणाली. "मना आबा तसाच शे. मंग मनीषानं काय?" आणि मला पुरणपोळीवर तूप वाढत राहिली. मला त्या घराचा, त्या फ्लेक्सचा, त्या चांगल्या माणसांचा इतका संताप आला, की काय सांगू. कोणी वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

मनीषाचं लग्न झालं. छान झालं. कोकिळा पुन्हा हाक आली की मागे वळून बघत होती, विचारीसन येस म्हणत होती. त्या विषयावर आम्ही बोलत नव्हतो. मला जळगावच्या सरकारी दवाखान्याची ऑर्डर आली आणि धुळ्यातले माझे शेवटचे दिवस सुरू झाले.

त्यातल्याच एका सकाळी आबा वॉर्डाच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, कडक टोपी, हातात नवी पत्र्याची पेटी. पेटीत, मागून कळलं, नवी चादर, टॉवेल आणि शेवेची पुडी. गावात नर्सिंगच्या प्रवेशाची जाहिरात कुणाच्या तरी मोबाईलवर त्यांनी वाचून घेतली होती. "चाल बेटा," ते म्हणाले. "तुले सोडाले उनू. साल व्हई गय. मी गावमा बी सांगी दिधं, आमनी सून आते खरी नर्स व्हवाले जाई ऱ्हायनी. फ्लेक्स बी मी सोता काढी टाका."

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. आता ही काय करणार? आता तरी सांगेल, की आबा, दार बंद झालं, तुमच्या एका सालानं झालं. सांगायलाच हवं होतं. मी असते तर सांगितलं असतं, ओरडून सांगितलं असतं.

कोकिळानं त्यांच्या हातातली पेटी घेतली, त्यांना बाकावर बसवलं. "आबा, आते जावानी गरज नही," ती म्हणाली. "या सालमा आठेच माले बठ्ठं शिकाडं. मी व्हई गयी सिस्टर."

"खरंच?" आबांनी माझ्याकडे पाहिलं.

तिनंही पाहिलं. मी आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते. मी मान हलवली, हो म्हणून.

म्हातारा इतका हसला! टोपी काढून डोकं पुसलं, पुन्हा घातली. "मंग फ्लेक्स परत लावस," म्हणाला.

तेवढ्यात वॉर्डातून हाक आली, "सिस्टर!"

कोकिळानं मागे वळून पाहिलं नाही. "आले," म्हणाली, आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकवत आत गेली.