आमटीवरचं तूप

माहेर माझं श्रीरामपूर. तिथं पिशवीचं दूध यायचं आणि ते चहालाच पुरवून पुरवून वापरायचं. लग्न होऊन आले ती तिसगावजवळच्या वस्तीवर. गोठा जर्शी गाईंनी भरलेला, सकाळ-संध्याकाळ धारा, आणि डेअरीला दूध पोचवणारा टेम्पो चालवतो तो माझाच नवरा. मांडवात बायका म्हणाल्या होत्या, पोरगी दुधातुपाच्या घरात पडली. पडले की! आणि त्याच घरात माझ्या पोटी पोरगं आलं ते दूध न सोसणारं. देवाला थट्टा करायला अख्ख्या पाथर्डी तालुक्यात दुसरं घर सापडलं नाही.

बाळंतपण माहेरी झालं. महिन्याच्या आतच तो पाजलं की ओकायला लागला. गुळणी वेगळी, तोंडाच्या कडेनं जरा ओघळते आणि पोर हसतं. हा ओकायचा तो माझ्या खांद्यावरून पलीकडं भिंतीवर. शेजारच्या बायका येऊन सांगायच्या, "गुळण्या टाकणारं पोर अंग धरतं गं, काळजी करू नको." धरलं ना अंग. हाडांनी कातडी धरली, दुसरं काही नाही. मांड्यांना नुसत्या सुरकुत्या, आत मांस नाही.

तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला घेऊन सासरी आले. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोराचं तोंड उघडून बघितलं, दृष्ट काढली, ओव्याची धुरी दिली. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला, पोराचं रडणं काही थांबलं नाही. दोन घोट घ्यायचा, सोडायचा, पाठीची कमान करायचा आणि काळानिळा होईस्तोवर किंचाळायचा. त्याच्या मानेच्या घड्यांना कायम आंबूस वास. घरातली जुनी लुगडी त्याच्या ओकाऱ्या पुसायलाच फाडली. मग एक दिवस लंगोटात रक्ताचे दोरे दिसले, तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. टेम्पो तसाच उभा ठेवून आम्ही नगरला मुलांच्या डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरीणबाई चांगली होती. नीट तपासलं, मग म्हणाली, "याला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे. पोटातलं वर येतं, त्यानं घसा आणि अन्ननलिका सोलवटलीय. प्यायलं की जळतं त्याला."

"पण मॅडम, मी याला गाईचं दूध थेंबभर दिलेलं नाही."

"तुम्ही घेता ना? तुमच्या अंगावरच्या दुधातून जातं त्याला. दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद करा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडायला पाहिजे. नाहीच पडला तर अंगावरचं थांबवून डब्याच्या खास पावडरीवर न्यावं लागेल."

अंगावरचं थांबवून, हे तिनं इतकं सहज म्हटलं, जणू पंखा बंद करायचाय. मला त्या वेळी दुसरी कसली हाव नव्हती हो. पोरानं माझ्या अंगावर प्यावं, पोटात ठेवावं आणि पिता पिता झोपी जावं. कुत्री-मांजरीलासुद्धा जे मिळतं तेवढंच मी मागत होते.

घरी येऊन सांगितलं. आत्या हातातली भाकरी परातीत ठेवून बघतच राहिली. "बाळंतिनीला दूध बंद? आन मग अंगावं येनार कुठून? गाईची पेंड बंद केली तर धार येती व्हय?" पण जरा वेळानं तीच म्हणाली, "बरं. पोरासाठी हाय नव्हं? न्हाई म्हंजी न्हाई." आणि तिचा शब्द म्हणजे शब्द. माझा चहा कोरा झाला. त्याच आठवड्यात गाय व्याली, सासरे हौसेनं खरवसाची वाटी माझ्यासाठी घेऊन आले, तर आत्यानं त्यांना दारातूनच परतवलं. "अकला गेल्या का? तिला चालत न्हाई म्हनून सांगितलं ना?" मी आतून ऐकत होते. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

जेवायला बसले की ती समोर बसायची. बाजरीची भाकरी, वाटीत काळ्या मसाल्याची आमटी. "ऊन हाय तवर खाऊन घे. गार झाल्यावं अंगाला लागत न्हाई." पोर रडायच्या आत मी भराभर ओरपायची. वाटी रिकामी झाली की मगच ती उठायची. माहेरी फोनवर आईला मी सांगितलं, सासू लई जीव लावते गं. खोटं नव्हतं ते.

पण फरक नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ओकणं तेच, कमान तीच, रक्ताचे दोरे तेच. नवरा टेम्पोतून फोन करायचा, "अगं, एका व्हिडिओत दाखवलंय, पाजल्यावर उभंच धर." जसं काही मी त्याला आडवा टाकून सिनेमाला जात होते! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? संध्याकाळी घरी आला की मात्र गपचूप पोराला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचा. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली त्यानं विटा लावून उतार केला. डॉक्टरणीनं दिलेलं पाजायच्या आधीचं औषध चालू होतं. पोराचं वजन आम्ही पेंडीच्या काट्यावर करायचो, चादर टाकून. काटा मागच्या वेळेपेक्षा वर जायला तयारच नव्हता.

मग मी एकेक सोडत सुटले. बिस्कीट सोडलं, पाव सोडला, अंडं सोडलं. शेंगदाणे सोडले, गहू सोडला. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. तरी पोराला बाधतंच. म्हटलं, आता राहिलं कोण? मीच. माझ्या अंगातच काहीतरी वाईट असणार. आरशात बघायची मला किळस यायला लागली होती.

त्यात नवीनच सुरू झालं. मी पदर सारून मांडी घालून बसले, की तो माझ्याकडं बघून रडायला लागायचा. तोंड लावायच्या आधीच. शहाणं पोर. या बाईच्या मांडीवर गेलं की जळतं, हे त्याला एवढ्याशा वयात कळलं होतं. आत्याकडं गप, आजोबांकडं गप, आणि माझ्याकडं आलं की हातपाय ताठ.

त्या दिवशी दुपारी जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला तो किंचाळला. ताट तसंच ठेवून उठले. थंडीचे दिवस, बाहेर ऊन असूनही वारं बोचत होतं. त्याला फिरवून फिरवून निजवला आणि बऱ्याच वेळानं ताटावर येऊन बसले. आत्या गोठ्यात गेली होती. भाकरी वातड झालेली, आमटी गार. आमटीवर तेलाची लाल तर्री असते, ती होतीच. पण वाटीच्या कडेनं पांढरं-पिवळं कायतरी गोठलेलं. बोट लावलं तर रवाळ. नाकाजवळ नेलं. तूप.

आमच्या घरात तुपाचा वास भिंतींनाच आहे, त्यात इतके दिवस वाटीतला कुठं कळणार? आणि गरम गरम तिखटात तर नाहीच नाही. मी तशीच वाटी घेऊन गोठ्यात गेले.

"आत्या, हे काय आहे?"

आत्यानं बघितलं. लपवलं नाही, दचकलीही नाही. "तूप हाय. काय झालं?"

"मला दुधाचं बंद आहे ना?"

"मग? दूध कुठं घातलंय मी? तूप हाय ते." शेणाचे हात तसेच पुढं धरून ती मला समजावत होती. "दुधाचं दही झालं, दह्याचं लोनी झालं, लोनी इस्तवावं कढलं, तवा तूप झालं. इतकं सगळं झाल्यावं दूध ऱ्हायलं कुठं त्यात? तूप औशीद हाय, बाई. हाडं निघाली तुझी. तू घेत न्हवतीस म्हनून गपचिप घालत हुते चमचा चमचा."

"रोज?"

"रोज घालत हुते की. दोन्ही वखताला."

मी काय बोलले ते लिहीत नाही. "माझ्या पोराच्या नरड्यात ओतलंत तुम्ही," एवढं आठवतं, बाकी अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं असेल. तिथूनच डॉक्टरणीला फोन लावला. ती म्हणाली, घरच्या तुपात दुधाचा अंश उरतोच, बंदच करायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, लोणी कढवलेलं पातेलं चुलीपाशी पडलं होतं, बुडाशी बेरी तशीच चिकटलेली. ते आणून आत्यापुढं आपटलं. "ही बेरी दुधाची नाही तर कशाची असते मग? आभाळातून पडते?"

आत्यानं पातेल्यात बघितलं. जन्मभर तूप कढवलेली बाई. बेरीत गूळ घालून पोरांना चाटायला देणारी. बघतच राहिली ती, आणि मग हळूच खाली, गव्हाणीच्या कडेला बसली. "मला कुनी सांगितलं न्हाई गं बेरीचं," म्हणाली. रडली नाही. मला वाटत होतं तिनं रडावं म्हणजे मला अजून ओरडता येईल.

खरं सांगायचं तर मलाही कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली "दुधाचे पदार्थ", आम्ही ऐकले पेढे, बासुंदी, पनीर. दुधाच्या घरात तूप हा पदार्थ नसतो. ते असतंच, मिठासारखं.

त्या दिवसापासून आत्यानं माझी भांडी वेगळी केली. राखेनं घासायची, उकळत्या पाण्यानं धुवायची. स्वतःच्या भाकरीवरसुद्धा तूप घेईना. म्हणजे आता सगळं बरोबर चाललं होतं. फक्त पुन्हा दोन-तीन आठवडे थांबायचं होतं, आणि पोराजवळ तेवढे आठवडे उरले नव्हते.

तो लघवी करेनासा झाला. टाळू खोल गेली. नगरला दवाखान्यात ठेवला, नाकातून नळी घातली, आणि नळीतून ती डब्याची खास पावडर सुरू केली. उकडलेल्या, आंबलेल्या बटाट्यासारखा वास त्या दुधाला. मी नाक धरायची. पण ती त्याच्या पोटात राहिली. पहिल्यांदा काहीतरी राहिलं. नवरा वॉर्डाच्या बाहेर भिंतीला टेकून ढसाढसा रडला, आनंदानं. मी नाही रडले. माझा पदर दुधानं भिजलेला होता आणि समोर पोरगं दुसऱ्याच कशानं जगत होतं.

नळी काढून घरी आलो. मी डॉक्टरणीला विचारलं, आता माझं दूध चांगलं झालंय, देऊ ना? ती म्हणाली, "देऊन बघा, घेतलं तर." घेतलं तर! मी सगळं करून पाहिलं. झोपेत लावून पाहिलं, न्हाऊ घालताना, झोळीत वाकून, चालता चालता. तो झोपेतही ओळखायचा. ओठ आवळून मान फिरवायचा. वाटीत काढून चमच्यानं दिलं, तर जिभेनं बाहेर ढकललं आणि परत ओकला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणच म्हणाली, "आता कुठं टिकतंय पोटात. राहू द्या. त्याला छळू नका, स्वतःलाही नका."

पण अंगाला हे कोण सांगणार? अंग भरून यायचं, गाठी व्हायच्या, ताप चढायचा. मी पेल्यात पिळून काढायची. स्वच्छ दूध, तुपाचा अंश नसलेलं, इतका उपास करून केलेलं. आत्या तो पेला माझ्या हातातून घ्यायची आणि मागच्या शेवग्याच्या बुडाशी ओतायची. आईचं दूध पायाखाली येऊ नये म्हणतात. आम्ही दोघी तेव्हा एकमेकींशी बोलत नव्हतो.

शेवटी तीच बोलली. गाय कशी आटवायची हे तिच्याइतकं कुणाला माहीत? म्हणाली, "तटतटलं तरी समदं काढू नगं. दुखन्यापुरतं काढ, बाकी ठिव. एक येळ सोड, मग दोन सोड. अंगाला आपसूक कळतं." फडकं घट्ट बांधून दिलं तिनंच. मला संताप आला. गाय आटवतात ती गाभण असते म्हणून, पुढच्या वासराला जोर राहावा म्हणून. मला कशाला आटवताय? पण म्हणाले नाही, कारण दुसरा उपाय माझ्याकडंही नव्हता. तिच्या हाताखालच्या गाईंसारखीच मीही आटले. मग एक दिवस पिळून पाहिलं तर बोटाला फक्त ओल लागली.

त्याच दुपारी जेवायला बसले. पोर आत्याच्या मांडीवर होतं, आत्या त्याला डब्याचं दूध चमच्यानं पाजत होती आणि तो मुकाट गिळत होता. मी सहज हात पुढं केला, तर त्यानं मान फिरवून तोंड तिच्या पदरात खुपसलं. आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली केली.

जरा वेळानं तिनं चमचा खाली ठेवला. पोराला एका हातानं सावरत फडताळामागं लपवलेली तुपाची बरणी दुसऱ्या हातानं काढली आणि माझ्या ताटाजवळ धरून थांबली.

"आता घालू का गं?" तिनं विचारलं. "आता काय हरकत न्हाई नव्हं?"

"नाही," मी म्हणाले. "आता काय हरकत नाही."

तिनं भाकरीवर चमचाभर घातलं. मी बघत होते म्हणून अजून एक चमचा घातला. तूप चांगलं कढलेलं होतं, खमंग. मी सगळी भाकरी खाल्ली.